मिनिटं विकायची की युनिट?

इंग्लंडच्या खेड्यात कट्टा म्हणजे व्हिलेज हॉलच्या आवाराची कमरेइतकी विटांची भिंत. थंडीत तिच्यावर बसवत नाही, पण उभ्यानं वाद घालायला बरी पडते. विषय निघाला संक्रांतीच्या हळदीकुंकवावरून. हॉलच्या पत्रकात एक ओळ होती: हीटिंगचे पैसे भाड्यात नाहीत, एक पौंडाची नाणी सोबत आणावीत.

"म्हणजे भाडं घेऊन वर गल्ला," सचिन म्हणाला. "उद्या कार्यालयवाले पंख्यालाही नाणी मागतील."

मंजिरी अशाच एका हॉलची खजिनदार. ती लगेच भिडली. "पंखा पंचाहत्तर वॅटचा रे. इथे भिंतीवर सहा हीटर आहेत, प्रत्येकी २ किलोवॅट. झाले १२. युनिट २५ पेन्सला धरलं तर तासाला ३ पौंड. जूनमध्ये योगाचा वर्ग घेणारीनं जानेवारीतल्या पार्टीची वीज का भरायची? आणि भाड्यात धरलं ना, की लोक दारं सताड उघडी टाकून सहाही कांड्या लाल ठेवतात."

"तत्त्व मान्य," बापू म्हणाला. तो इलेक्ट्रिकल कंत्राटदार, नाणं टाकलं की हीटर चालू करणाऱ्या पेट्या बसवणारा आणि दुरुस्त करणारा. "पण पेटी नक्की काय विकते ते आधी बघा. बऱ्याच पेट्या वीज मोजतच नाहीत. ते नुसतं घड्याळ असतं. नाणं पडलं की टायमर २० मिनिटं कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटरची वीज जोडणारा-तोडणारा विजेवरचा खटका, धरून ठेवतो, हीटर चालू. वेळ संपली की खटका सुटतो."

"मग बिघडलं काय? १२ किलोवॅट वीस मिनिटं म्हणजे ४ युनिट, म्हणजे बरोबर एक पौंड."

"सहाही चालू असतील तर! तीन बंद केलेस, तरी नाणं वीस मिनिटांतच संपतं. वापरलेस दोन युनिट, पैसे दिलेस चारचे. आणि चाळीस माणसं जमली की त्यांच्या अंगाचीच ४ किलोवॅट ऊब असते, माणशी साधारण १०० वॅट. म्हणजे अर्धे हीटर बंद करायची वेळ येतेच. पण पेटी मिनिटांची असेल तर कोण कशाला उठून हीटरच्या बटणाची दोरी ओढेल?"

मंजिरीनं खांदे उडवले. "टायमर स्वस्त पडतो. आणि लोकांना मिनिटं कळतात, युनिट कळत नाही."

"समितीलाही चटका बसतो त्याचा. दोन हीटर वाढवले आणि टायमर तसाच ठेवला, की प्रत्येक नाण्यामागं तोटा. दर वाढला, सेटिंग बदललं नाही, तरी तेच."

आमचे दादा इतका वेळ मफलर सावरत उभे होते. "जुन्या मीटरांत दरासाठी दातेरी चाकं असायची," ते म्हणाले. "दर बदलला की चाक बदलायचं. शिलिंगवर चालायचे. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान चलन आलं तरी त्यांचं अडलं नाही, कारण पाच पेन्सचं नाणं शिलिंगच्याच मापाचं होतं. १९९० मध्ये ते लहान केलं आणि मग पंचाईत झाली."

"२०१७ मध्ये पुन्हा तेच," बापू म्हणाला. "गोल पौंड २२.५ मिलिमीटरचा, जाडी ३.१५. नवा बारा कोनांचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २३.४३, जाडी मात्र २.८. म्हणजे रुंदीला मोठा आणि जाडीला कमी. जुन्या फटीत तो जातच नाही. मार्चमध्ये नवा आला, १५ ऑक्टोबरला जुना बाद झाला. तेवढ्या काळात नाणं ओळखणारा भाग बदलायचा, नाहीतर हॉल गार. काहींनी कानस मारून फट मोठी केली. मग नाणं तिरकं होऊन मध्येच अडकतं, वर दुसरं ढकलतात, आणि शेवटी सुरीनं उचकटतात."

"म्हणून टोकन बरं," मंजिरी म्हणाली. "समितीकडून विकत घ्यायचं. चलन बदललं तरी टोकन तेच राहतं, दर बदलला की टोकनची किंमत बदलायची. आणि पेटी फोडून चोराच्या हाती येणार काय, तर पत्र्याच्या चकत्या. नाण्यांच्या पेटीत पन्नास पौंड असतात आणि ती फोडली की दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट. शिवाय ती नाणी मोजून वीस-वीसच्या पिशव्या बँकेत कोण नेणार? मीच."

"आणि रविवारी संध्याकाळी टोकन संपलं तर?" सचिन.

त्यावर मंजिरीकडे उत्तर नव्हतं.

सचिननं मग मुद्द्याचं विचारलं. युनिट मोजणारी पेटी घेतली की प्रश्न मिटला का?

बापू हसला. त्यानं भिंतीवरच्या दवात बोटानं तीन रेघा ओढल्या. "हे तीन फेज. प्रत्येकावर दोन हीटर, ४ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेसतरा अँपिअर. आता काटकसर म्हणून सिंगल फेजचा नाण्याचा मीटर पहिल्या रेघेवर बसवतात आणि त्याच्याकडून तिन्ही फेजचा कॉन्टॅक्टर चालवतात. मीटर एकाच फेजचं मोजतो, म्हणून दर तिप्पट लावतात. कागदावर हिशेब चोख. पण कोणीतरी हुशार पहिल्या फेजचे दोन हीटर दोरी ओढून बंद करतो. मीटरमधून करंटच जात नाही, शिल्लक तशीच राहते, कॉन्टॅक्टर धरलेला. उरलेले चार हीटर, ८ किलोवॅट, रात्रभर फुकट."

"अरे वा," सचिन म्हणाला. कुठले दोन, हे त्यानं विचारलं नाही, पण विचार दिसला.

"उपाय म्हणजे तिन्ही फेज मोजणारा मीटर. तो दर युनिटला ठरावीक पल्स, म्हणजे विजेचे ठोके, देतो, नाण्याची पेटी त्या मोजते. कॉन्टॅक्टर काठावरचा घ्यायचा नाही. साडेसतरा अँपिअरला २५ चा चालेल, पण मी ४० चा घालतो. संपर्क चिकटले तर पैसे संपूनही एका फेजचे दोन हीटर जळत राहतात. म्हणून तपासताना शिल्लक शून्य झाल्यावर तिन्ही पोल, म्हणजे एकेका फेजचे संपर्क, टेस्टरनं वेगवेगळे बघायचे. आणि कांडी बदलताना 'पैसे संपलेत, वीज नाही' असं समजायचं नाही. आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच, बंद करून कुलूप."

दिवे, इमर्जन्सी लाइट आणि पाइप गोठू नयेत म्हणून ५ अंशांना लागणारा हीटर नाण्याच्या पेटीवर घ्यायचे नाहीत, यावर मात्र एकमत झालं. मंजिरीला त्याहून जास्त हवं होतं. "ती जुजबी ऊब भाड्यातच धरावी. आमचा हॉल १५ बाय ८, उंची ५ मीटर. नुसती हवा ५ वरून १८ अंशांवर न्यायला जेमतेम पावणेतीन युनिट लागतात. बाकी सगळं भिंती पितात. आठवडाभर गार पडलेल्या भिंतीवर चहाच्या बंबाची वाफ बसली की बुरशी आलीच. ती रंगवायला कुणाचं नाणं येणार?"

"हे पटलं," बापू म्हणाला. "पाया भाड्यात, वरची चैन युनिटवर. पण संपण्याआधी पाच मिनिटं बझर हवा, नाहीतर उखाणा अर्ध्यात राहतो आणि कांड्या विझतात."

सचिनला अजून मूळ प्रश्नाचं उत्तर हवं होतं. सहा ते नऊ कार्यक्रम, नाणी किती आणू?

"साडेपाचला सहाही लावा," बापूनं हिशेब मांडला, "अर्धा तास: ६ युनिट. बायका जमल्या की तीन बंद. तीन तास ६ किलोवॅट: १८. एकूण २४. युनिटवाली पेटी असेल तर सहा नाणी."

"आणि मिनिटंवाली?"

"साडेतीन तास. अकरा. आणि दोन जास्तीची ठेव, नवीच, कारण एखादं अडकणार."