छिद्र बुजतं, पण कुठलं?

"बाळाच्या हृदयात छिद्र निघालं? घाबरू नका, आपोआप बुजतं. ऑपरेशन हा डॉक्टरांचा धंदा. ग्रहणात आईने विळी धरली की असं होतं. अर्जुनसालीचा काढा द्या." आमच्या नातेवाइकांच्या गटावर हा मेसेज पुन्हा फिरतोय.

आधी विळीचं उरकून टाकू. हृदयाचे कप्पे पाडणारे पडदे गर्भाच्या आठव्या आठवड्याच्या आसपास तयार होतात. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. हजारात आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो, ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतला रुबेला (जर्मन गोवर), आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, डाउन सिंड्रोम ही माहीत असलेली काही कारणं. बहुतेकदा कारण सापडतच नाही, आणि खापर सुनेवर फुटतं.

"आपोआप बुजतं" हे अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. खालच्या दोन कप्प्यांमधल्या स्नायूच्या पडद्यातलं बारीक छिद्र बरेचदा पहिल्या एक-दोन वर्षांत बुजतं. तेव्हा डॉक्टरच म्हणतात, थांबू, अधूनमधून इको (हृदयाची सोनोग्राफी) करू. मग धंदा कुठे राहिला? गंमत म्हणजे स्टेथोस्कोपमध्ये आवाज बारीक छिद्राचाच मोठा येतो. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी सूं करून उडतं, तसं.

मोठ्या छिद्राचं उलट. पहिले काही आठवडे बाळ छान दिसतं, कारण फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अजून आखडलेल्या असतात. त्या सैलावल्या की डावीकडचं रक्त छिद्रातून फुप्फुसात लोटू लागतं. बाळ दोन घोट पितं, धापा टाकतं, कपाळ घामाने भिजतं, अर्धपोटी झोपतं. वजनकाटा हलत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या रक्तवाहिन्या जाड, कडक होतात, प्रवाह उलटा फिरतो, ओठ-नखं निळी पडतात. व्हिक्टर आयझेनमेंगर या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी १८९७ मध्ये असा रुग्ण नोंदवला होता. या टप्प्यावर छिद्र बंद करणंच जिवावर बेतू शकतं. "मोठा झाल्यावर बघू"चा अर्थ हा.

काढ्याबद्दल एवढंच: छिद्र ही जखम नव्हे, पडद्याचा तेवढा भाग घडलेलाच नसतो.

शिवाय दर वेळी छाती उघडावी लागते असंही नाही. वरच्या कप्प्यांमधली काही छिद्रं मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, छत्रीसारखं उपकरण बसवून बंद करतात. अंगणवाडीत मुलं तपासायला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली. हृदयदोषाचे उपचार त्यात मोफत होतात. पथकाने चिठ्ठी दिली असेल तर आधी इको करून घ्या. छिद्र कुठे आणि केवढं, हे कागदावर आलं की मग गटावर बोलू.