कसोटीतल्या धावांच्या राशीत वेळापत्रकाचाही वाटा असतो

इंग्लंडचा जो रूट सचिन तेंडुलकरच्या १५,९२१ या विक्रमी कसोटी धावांच्या दिशेने सरकू लागल्यापासून क्रिकेटरसिकांत दोन तट पडले आहेत. विक्रम मोडला गेला तर सचिनचे मोठेपण उणावेल, या धास्तीने रूटच्या धावांत खोट शोधणारे एकीकडे आहेत, तर हा आकडा ओलांडताच रूट हा सचिनपेक्षा श्रेष्ठ फलंदाज ठरला असे जाहीर करायला उत्सुक असलेले दुसरीकडे. दोघांचेही गृहीतक एकच आहे, ते म्हणजे एकूण धावा हे फलंदाजाची योग्यता मोजण्याचे माप आहे. मला हे गृहीतकच मान्य नाही. एकूण धावांचा विक्रम हा फार मोठा पराक्रम आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु तो फलंदाजाचा जितका असतो, तितकाच त्याच्या देशाच्या सामन्यांच्या वेळापत्रकाचाही असतो, आणि यापुढच्या काळात तर तो वेळापत्रकाचाच अधिक होत जाणार आहे.

साधा भागाकार करून पाहावा. सचिनने २०० कसोटींत १५,९२१ धावा केल्या, म्हणजे दर कसोटीला सुमारे ७९.६. ऑस्ट्रेलियाच्या रिकी पाँटिंगच्या १६८ कसोटींत १३,३७८ धावा आहेत आणि त्याचेही उत्तर ७९.६ च्याच आसपास येते. या दोघांच्या एकूण धावांत अडीच हजारांहून अधिक अंतर आहे, ते जवळजवळ संपूर्णपणे जास्तीच्या ३२ कसोटींचे आहे. द्रविड आणि गावसकर दोघेही ८१ च्या घरात आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यातील भारताविरुद्धची मालिका संपली तेव्हा रूटच्या नावावर १५८ कसोटींत १३,५४३ धावा होत्या, म्हणजे दर कसोटीला ८५.७. वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराने मात्र १३१ कसोटींत ११,९५३ धावा करून हेच प्रमाण ९१ च्या पुढे नेले, आणि श्रीलंकेच्या कुमार संगकाराने १३४ कसोटींत १२,४०० धावा करून ९२.५ गाठले. ब्रॅडमन यांचे नाव अशा तुलनेत घेऊच नये असे म्हणतात, तरीही सांगतो: ५२ कसोटींत ६,९९६, म्हणजे सामन्यागणिक १३४.५. याही मापात दोष आहेत, कारण फलंदाजीचा क्रम, मिळालेले डाव, संघाने केलेली डावाची घोषणा अशा अनेक गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. तरीही एकूण धावांच्या यादीत सहाव्या-सातव्या स्थानांच्या मागेपुढे दिसणारी नावे सामन्यागणिक धावांच्या यादीत एकदम वर का येतात, याचा विचार करायला हे आकडे पुरेसे आहेत.

या विक्रमाचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडच्या वॉली हॅमंड यांनी ८५ कसोटींत ७,२४९ धावा केल्या आणि हा विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडे राहिला. १९७० मध्ये तो कॉलिन काउड्री यांनी मोडला, पण त्यांची एकूण कारकीर्द ११४ कसोटींची झाली. पुढे वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्स यांनी केवळ ९३ कसोटींत ८,०३२ धावांपर्यंत मजल मारली. १९८१ च्या डिसेंबरात दिल्लीत इंग्लंडच्या बॉयकॉट यांनी सोबर्स यांना मागे टाकले. त्यांच्या ८,११४ धावा १०८ कसोटींतल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत गावसकर पुढे गेले, १९९३ मध्ये ॲलन बॉर्डर, २००५ मध्ये ॲडलेडला लारा आणि २००८ मध्ये मोहालीला सचिन. बॉर्डर यांच्या १५६ कसोटींपैकी १५३ सलग आहेत, हे वाचताना आजही आदर वाटतो. बॉयकॉट हे सोबर्स यांच्यापेक्षा थोर फलंदाज होते, असा दावा १९८१ मध्ये कोणी गंभीरपणे केला नसेल. मग आजच हा विक्रम श्रेष्ठत्वाचा निर्णायक पुरावा का मानला जावा?

सचिन आणि रूट यांच्या बाबतीत वेळापत्रकाचा परिणाम अगदी स्पष्ट दिसतो. सचिनचे पदार्पण नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीत झाले आणि त्याची शंभरावी कसोटी सप्टेंबर २००२ मध्ये ओव्हलवर झाली. म्हणजे पहिल्या शंभर सामन्यांना जवळजवळ तेरा वर्षे लागली. रूट डिसेंबर २०१२ मध्ये नागपूरला प्रथम खेळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईत शंभराव्या कसोटीत उतरून त्याने २१८ धावा केल्या. हा काळ सव्वाआठ वर्षांचाही नाही. एखाद्या फलंदाजाच्या ऐन भराच्या वर्षांत त्याला किती सामने मिळाले, हा प्रश्न एकूण धावांच्या यादीत कुठेच विचारला जात नाही. नव्वदच्या दशकात भारत कसोटी कमी खेळत असे आणि त्याच दशकात सचिनची फलंदाजी सर्वांत तेजस्वी होती, असे माझे मत आहे. तसे पाहिले तर त्या काळात त्याच्या हातून निसटलेल्या धावा पुढच्या अकरा वर्षांत त्याला केवळ टिकून राहून मिळवाव्या लागल्या.

हे टिकून राहणे हाच या विक्रमाचा खरा गाभा आहे आणि त्याचे मोल मला कमी करायचे नाही. पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज वकार युनूसने सचिनबरोबर एकाच सामन्यात पदार्पण केले. वकारची शेवटची कसोटी २००३ च्या जानेवारीत झाली आणि त्यानंतर सचिन आणखी दहा वर्षे खेळत होता. मधल्या काळात कोपर, खांदा यांच्या दुखापती आल्या, खेळण्याची पद्धत बदलावी लागली, आणि २००४ मध्ये सिडनीला ऑफच्या बाहेरचे चेंडू ड्राइव्ह करण्याचा मोह टाळत त्याने नाबाद २४१ धावांची खेळी उभी केली. २०१० साली, सदतिसाव्या वर्षी, त्याने एका वर्षात १,५६२ कसोटी धावा केल्या. जानेवारी २०११ मधल्या केपटाउनच्या १४६ धावांनंतर जवळजवळ तीन वर्षे त्याचे कसोटी शतक झाले नाही, हेही तितकेच खरे आहे. त्या काळातील धावांनी एकूण आकडा वाढला, सरासरी मात्र उतरून ५३.७८ वर आली. सोळाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत शरीर आणि मन या खेळासाठी तयार ठेवणे, हा पराक्रम फटक्यांच्या सौंदर्याहून वेगळ्या जातीचा आहे. १५,९२१ हा आकडा त्या पराक्रमाचा आहे.

रूटचा पराक्रमही त्याच जातीचा आहे, म्हणूनच त्याला हिणवणे मला पटत नाही. २०२० संपले तेव्हा त्याची १७ कसोटी शतके होती आणि अर्धशतकांचे शतकात रूपांतर करता येत नाही, ही त्याच्यावरची नेहमीची टीका होती. त्यानंतरच्या पाच वर्षांहून कमी काळात, म्हणजे बहुतेक फलंदाज उताराला लागतात त्या वयात, त्याने ती संख्या ३९ वर नेली. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला केलेल्या १५० धावांच्या एकाच खेळीत त्याने द्रविड (१३,२८८), कॅलिस (१३,२८९) आणि पाँटिंग या तिघांना मागे टाकले. वेळापत्रकाने त्याला सामने दिले हे खरे, परंतु दिलेले सामने धावांनी भरून काढणे हे काम त्यालाच करावे लागले. इंग्लंडच्या दमट हवेत हलणाऱ्या चेंडूपुढे इतकी वर्षे उभे राहणे सोपे नाही.

सलामीवीरांचा विचार केला तर या यादीतील आणखी एक असमानता दिसते. दहा हजार धावांचा टप्पा ओलांडलेल्यांत मुख्यत्वे सलामीला खेळलेले फलंदाज दोनच आहेत, गावसकर आणि ॲलिस्टर कुक. नव्या चेंडूचा मारा रोज अंगावर घेणाऱ्याला इतकी मजल मारणे किती अवघड आहे, हे यावरून कळावे. मार्च १९८७ मध्ये अहमदाबादला इजाझ फकीहच्या चेंडूवर गावसकरांनी दहा हजारावी धाव घेतली, तेव्हा ही उंची गाठणारा दुसरा कोणीही नव्हता. माझ्या दृष्टीने या सबंध यादीतील सर्वांत मोठा क्षण तोच. पावसात न झाकलेल्या खेळपट्ट्या, हेल्मेटचा अभाव, षटकातील उसळत्या चेंडूंवर नसलेली मर्यादा, या गोष्टींचे धावांत रूपांतर करण्याचे सूत्र कोणाकडेही नाही, म्हणून निरनिराळ्या काळांची तुलना मी इथेच थांबवतो.

मला खरी खंत वाटते ती या यादीत ज्यांना येताच आले नाही त्यांची. वेस्ट इंडीजच्या जॉर्ज हेडली यांना १९३० ते १९५४ या काळात फक्त २२ कसोटी मिळाल्या. त्यांत त्यांनी १० शतकांसह २,१९० धावा ६०.८३ च्या सरासरीने केल्या. वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेवर घातलेली बंदी न्याय्यच होती, पण ग्रॅम पोलॉकची कारकीर्द तिच्यामुळे २३ कसोटींवर थांबली, सरासरी ६०.९७ असताना. अँडी फ्लॉवरने झिम्बाब्वेसारख्या दुबळ्या संघाकडून, बहुतेक वेळा यष्टिरक्षण करून, ६३ कसोटींत ५१.५४ च्या सरासरीने ४,७९४ धावा केल्या. आणि आजचे उदाहरण न्यूझीलंडच्या केन विल्यमसनचे. त्याने रूटच्या दोन वर्षे आधी, २०१० मध्ये अहमदाबादला शतकाने पदार्पण केले; २०२४ अखेर त्याच्या १०५ कसोटी झाल्या होत्या आणि सरासरी रूटपेक्षा सरस, ५४ च्या वर होती. दुखापतींनी त्याचे काही सामने गेले, हे मान्य. परंतु पन्नासएक कसोटींचा फरक केवळ दुखापतींनी पडत नाही. न्यूझीलंडच्या वाट्याला तेवढ्या कसोटी येतच नाहीत.

२०२५ पर्यंत दहा हजारांचा टप्पा पार केलेल्या पंधरा फलंदाजांपैकी नऊ भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे आहेत. उरलेल्या सहांत, म्हणजे लारा, चंदरपॉल, संगकारा, जयवर्धने, कॅलिस आणि युनूस खान यांत, एकही आज खेळत नाही. या देशांतून पुढचा सातवा येईल असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण तिथे गुणवत्ता संपली हे नव्हे. पाच कसोटींच्या मालिका आता हे तीन देश केवळ आपापसांतच खेळतात. इतरांच्या वाट्याला बहुधा दोन कसोटींच्या मालिका येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे प्रमुख खेळाडू देशांतर्गत ट्वेंटी-२० लीगमध्ये गुंतलेले असल्यामुळे न्यूझीलंडच्या दौऱ्यावर दुय्यम संघ गेला आणि पदार्पण करणाऱ्या खेळाडूकडे कर्णधारपद होते. क्विंटन डी कॉकने २९ व्या वर्षी कसोटी सोडली. वेस्ट इंडीजचा निकोलस पूरन तर एकही कसोटी न खेळता आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. या खेळाडूंना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या क्रिकेटमध्ये त्यांना ना सामने मिळतात ना पुरेसे मानधन, त्यासाठी त्यांनी कारकीर्द झिजवावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेतील प्रत्येक मालिका किमान तीन सामन्यांची असावी आणि त्यासाठी लागणारा पैसा श्रीमंत क्रिकेट मंडळांच्या उत्पन्नातून यावा, ही माझी ठाम मागणी आहे. दोन कसोटींच्या मालिकेत फलंदाजाला जास्तीत जास्त चार डाव मिळतात. परक्या खेळपट्टीचा अंदाज येईपर्यंत दोन संपतात आणि उरलेल्या दोनांत पाऊस किंवा एखादा उत्कृष्ट चेंडू पुरेसा असतो. गावसकरांच्या १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातील ७७४ धावा चार कसोटींतल्या होत्या, तर ब्रॅडमन यांच्या १९३० च्या ९७४ धावा पाच कसोटींतल्या. २०२५ मध्ये शुभमन गिलने इंग्लंडमध्ये ७५४ धावा केल्या आणि गावसकरांचा एका मालिकेतील धावांचा भारतीय विक्रम केवळ वीस धावांनी वाचला; गिल त्याच्या इतका जवळ पोहोचला, तोही पाच कसोटींची मालिका होती म्हणून. श्रीलंकेतल्या किंवा न्यूझीलंडमधल्या एखाद्या तरुण फलंदाजात तेवढीच कुवत असली, तरी ती दाखवायला त्याला बहुधा तिसरी कसोटीच मिळत नाही.