फक्त एक पान मागं जायचंय? चला, स्क्रिप्ट लिहू

अभिनंदन! तुम्ही अपडेट केलंत. लिनक्सच्या लॅपटॉपवर रात्री झोपताना 'पुढं चला' दाबलंत आणि सकाळी टचपॅडवर तीन बोटं सरकवलीत, तर ब्राउझर एक पान मागं जायच्या ऐवजी अख्खा स्क्रीनच शेजारच्या वर्कस्पेसवर, म्हणजे दुसऱ्या आभासी डेस्कटॉपवर, पळाला. माझंही गेल्या आठवड्यात हेच झालं. घाबरू नका. इतकी वर्षं मुकाट चालणारं जेश्चर परत आणणं अगदीच सोपंय, एक शनिवार-रविवार आणि घरच्यांची बोलणी, बास.

आधी सेटिंग्जमध्ये जा. टचपॅडच्या पानावर टॅप टू क्लिक आहे, स्क्रोलची दिशा आहे, पॉइंटरचा वेग आहे. तीन बोटांचं काय करायचं ते कुठंच नाही. परत एकदा बघा. नाहीच आहे. बंद करा.

तीन बोटांवर पान मागं नेणारी जुनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा घरगुती प्रोग्राम, चालेल अशी आशा ठेवू नका. ती एक्सडूटूलवर होती, म्हणजे आपल्या वतीनं कळा दाबणाऱ्या प्रोग्रामवर, एक्सडूटूल एक्स-इलेव्हनवर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर, आणि डेस्कटॉपच्या नव्या आवृत्तीत लॉगिनला एक्स-इलेव्हनचा पर्यायच उडवलाय. आता फक्त वेलँड, त्याच कामाची नवी व्यवस्था. ते २००८ पासून येतंय येतंय म्हणत होते, आलं एकदाचं. वेलँडचं तत्त्व फार थोर हो, एका प्रोग्रामनं दुसऱ्याच्या कळा वाचायच्या नाहीत आणि दुसऱ्याच्या वतीनं दाबायच्याही नाहीत. सुरक्षा! मग आपण काय करायचं, तर स्वतःला 'इनपुट' ग्रुपमध्ये घालायचं, म्हणजे कीबोर्ड-टचपॅड थेट वाचायची मुभा घ्यायची, खोट्या कळा दाबू देणाऱ्या यूइनपुटची परवानगी उघडायची, म्हणजे आपल्या नावानं चालणारा कुठलाही सटरफटर प्रोग्राम आता कीबोर्ड थेट वाचू शकतो, पासवर्डसकट. दाराला तीन कुलपं लावून किल्ल्या पायपुसण्याखाली ठेवल्यासारखं, पण कुलपं काय भारी आहेत! ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करायला विसरू नका.

मग स्क्रिप्ट. टचपॅडवरची बोटं ओळखणाऱ्या लिबइनपुटची डीबग-इव्हेंट्स कमांड चालवा. बोटं फिरली की ती ओळींवर ओळी ओकते, स्वाइप सुरू, अपडेट, अपडेट, अपडेट, संपलं, आणि त्यात किती बोटं, आडवं किती सरकलं, उभं किती. पायथनमध्ये त्या ओळी वाचा, आडव्या आकड्यांची बेरीज करा, मर्यादेपलीकडं गेली की वायडूटूलला, एक्सडूटूलच्या वेलँडवर चालणाऱ्या भावाला, सांगा, ५६ दाब, १०५ दाब, १०५ सोड, ५६ सोड. ५६ म्हणजे डावं ऑल्ट, १०५ म्हणजे डावा बाण, दोन्ही मिळून ब्राउझर एक पान मागं. झालं की! आता बोटं सरकवा. काही होत नाही. परत सरकवा. काही नाही. चिडून आणखी पाच-सहा वेळा सरकवा, चहा टाकून या, आणि मग अचानक ब्राउझर धडाधड मागं मागं मागं जात अर्धवट भरलेल्या फॉर्मच्याही पार पलीकडं. का? कारण पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडं, जाणारं आउटपुट ओळीओळीनं जात नाही, गठ्ठ्यानं जातं, गठ्ठा भरेपर्यंत आत तुंबून राहतं, त्यावर स्टडबफ नावाची कमांड लावून 'बाबा, ओळ झाली की सोड' असं सांगावं लागतं. हे कुणी सांगतं का? छे, ते जन्मतःच माहीत असायला हवं. तेही केलं की लक्षात येतं की बोटं तुमच्या स्क्रिप्टलाही दिसतात आणि डेस्कटॉपलाही दिसतात, म्हणजे पान मागं जातं आणि त्याच दमात वर्कस्पेसही बदलतो, आणि डेस्कटॉपला गप्प बसवायला सेटिंग नाही म्हणून एक्स्टेन्शन, म्हणजे कुणीतरी लिहिलेलं जोडकाम, आणि ते एक्स्टेन्शन दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की मान टाकतं, मग ज्यानं ते फुकटात लिहिलं त्या बिचाऱ्याच्या दारात सगळे उभे. आणि स्क्रिप्ट नेमकी ५६ दाबल्यावर आणि सोडायच्या आत मेली तर? ऑल्ट दाबलेलंच राहतं. ईमेलमध्ये एफ टाइप करा, फाइल मेनू उघडतो. ई टाइप करा, एडिट. मस्त.

प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सिस्टिमडीची सर्व्हिस फाइलही लिहा, नाहीतर हे सगळं प्रत्येक लॉगिनला हातानं सुरू करा.

किंवा चार बोटांची सवय लावून घ्या, अंगठा कपाळाला लावायला मोकळा राहतो.

बग नोंदवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. 'हे ठरवूनच केलंय' असं उत्तर येतं आणि चर्चेला कुलूप.

ठरवून केलंय म्हणे! कुणाला विचारून? पुरे झाली थट्टा. अरे डेस्कटॉप बनवणाऱ्यांनो, स्वाइप ओळखणारा कोड तुमच्याकडं आहे, लिबइनपुट बोटं मोजून हातात देतंय, तुम्हाला फक्त एक ड्रॉपडाउन ठेवायचा होता. वर्कस्पेस, मागं-पुढं, काहीच नाही. तीन पर्याय! 'लोकांचा गोंधळ होतो' म्हणता, तर ज्याचा होतो तो त्या पानावर फिरकतच नाही, आणि ज्यांची मनगटं दुखतात, जे एका हातानं काम करतात, ते तो पर्याय शोधत तिथंच येतात आणि त्यांना रिकामं पान दिसतं. फुकट देताय, कबूल, त्याबद्दल आभारच आहेत. पण लोकांच्या बोटात बसलेली सवय उपटताना आधी एक ओळ सांगायची की नाही? पुढच्या वेळी आणखी काही काढाल, काढणारच आहात, तेव्हा रिलीजच्या घोषणेत 'अधिक सुटसुटीत अनुभव' असलं काही लिहू नका. काय काढलं ते सरळ लिहा, आणि परत कसं लावायचं तेही.