वीस हजार पौंड आणि स्टॉकवेलची घरे : एका लोकप्रिय कथेला उत्तर

चार्ल्स हॅडन स्पर्जन या बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) पाळकाने लंडनच्या स्टॉकवेल भागात काढलेल्या अनाथाश्रमाची कथा प्रवचनांतून आणि फिरत्या मजकुरांतून वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती साधारण अशी: स्पर्जन यांनी अनाथाश्रमासाठी प्रार्थना केली. लगेच एका श्रीमंत विधवेने २०,००० पौंड पाठवले आणि त्यातून स्टॉकवेलचा आश्रम बांधून झाला. पुढे त्यांना पैशासाठी कोणाकडे शब्द टाकावा लागला नाही. लंडनच्या रस्त्यांवरची आईबापांविना मुले-मुली तिथे घेतली जात आणि त्यांना बाप्टिस्ट केले जाई. लहान घरांत कुटुंबासारखी मुले वाढवण्याची पद्धतही जगात तिथेच प्रथम सुरू झाली.

यातली विधवा आणि रक्कम खरी आहे. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्य दुरुस्त करावे लागते. दुरुस्त केलेली हकिगत मूळ कथेपेक्षा कमी मोलाची ठरत नाही, उलट अनाथाश्रम खरोखर कसा उभा राहतो हे तिच्यातूनच कळते.

“अनाथाश्रमासाठी प्रार्थना केली”

१८६६ च्या उन्हाळ्यात मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल या आपल्या लंडनच्या चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनासभेत स्पर्जन यांनी जमलेल्या मंडळीला प्रार्थना करायला सांगितले ते काहीतरी नवे काम मिळावे म्हणून, आणि त्याला पैसा लागणार असेल तर तोही मिळावा म्हणून. अनाथाश्रम हा शब्द त्यात नव्हता. त्याच सुमारास ‘द सोर्ड अँड द ट्रॉवेल’ या त्यांच्या मासिकात त्यांनी लिहिले होते ते शाळांबद्दल, मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणाबद्दल. अनाथ मुलग्यांचा विचार आणला तो ॲन हिलयार्ड यांनी. त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, एका दिवंगत धर्मगुरूंच्या पत्नी होत्या, म्हणजे बाप्टिस्ट घरातल्या नव्हत्या. मासिकातला लेख वाचून त्यांनी पत्र लिहिले आणि वडील गेलेल्या मुलग्यांसाठी काही करण्याची इच्छा कळवली. कथेत स्पर्जन मागतात आणि बाई देतात. प्रत्यक्षात आश्रमाची कल्पना बाईंचीच होती.

त्या भेटीचा प्रसंग मात्र खरा आहे. स्पर्जन आणि बांधकाम व्यावसायिक विल्यम हिग्ज बाईंकडे गेले, तेव्हा राहणी इतकी साधी दिसली की आकड्यात एखाददुसरे शून्य चुकून जास्त पडले असावे असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी दोनशे पौंडांचाच विषय काढला. बाईंनी वीस हजारच म्हटल्याचे सांगितले. ही रक्कम ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या आश्रमाला द्यावी, असे स्पर्जन यांनी सुचवून पाहिले. बाईंनी ते मानले नाही.

“त्या पैशांतून आश्रम बांधून झाला”

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

२०,००० पौंड रोख नव्हते, रेल्वेच्या कर्जरोख्यांत गुंतलेले होते. आणि ते साल होते १८६६. त्या वर्षी १० मे रोजी लंडनची ओव्हरएंड, गर्नी ही बडी वित्तसंस्था बुडाली आणि बाजारात घबराट पसरली. लंडन, चॅटम अँड डोव्हर ही रेल्वे कंपनीही त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. अशा काळात रेल्वेचे कागद विकायला काढले तर भाव पडून मिळतो आणि दानाचा मोठा भाग विक्रीतच नाहीसा होतो. रोखे ठेवले तर मुद्दल टिकते, पण हातात पडते फक्त व्याज.

व्याजावर काय भागते याचा हिशेब करून पाहावा. समजा ४ टक्के सुटले, तर २०,००० वर वर्षाला ८०० पौंड येतात. २५० मुलग्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे ३ पौंड ४ शिलिंग (तेव्हा २० शिलिंगांचा एक पौंड). त्यात जेवण, कपडे, जोडे, कोळसा, मेट्रनचा (मुलांना सांभाळणाऱ्या बाईंचा) पगार, शिक्षक, औषधे यातले सगळे तर सोडाच, निम्मेही बसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सगळे मुद्दल विटा-चुन्यात घालणे. मग इमारत उभी राहते, पण पहिल्या महिन्याच्या पावाला पैसा उरत नाही. मोठ्या देणगीवर सुरू होणाऱ्या संस्था नेहमी याच दोन खड्ड्यांच्या मधून चालतात.

स्टॉकवेलला यातून वाट काढली ती घरे वेगवेगळ्या लोकांकडून बांधून घेऊन. जानेवारी १८६७ मध्ये क्लॅपहॅम रोडलगत सुमारे अडीच एकर जागा घेतली. ९ सप्टेंबर १८६७ रोजी पहिल्या घरांच्या कोनशिला बसल्या. एकेक घर स्वतंत्र, एकेकाचा देणगीदार स्वतंत्र, आणि घराला नाव मिळे ते देणगीवरून. ‘सिल्व्हर वेडिंग हाउस’ लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी पतीने पत्नीला दिलेल्या ५०० पौंडांतून झाले, कारण तिने ते आश्रमाला देऊन टाकले. ‘मर्चंट्स हाउस’ एका व्यापाऱ्याने दिले. ‘वर्कमेन्स हाउस’मध्ये हिग्ज यांच्या कामगारांनी मजुरी न घेता श्रम घातले आणि सामान हिग्ज यांनी पुरवले. ‘युनिटी हाउस’ हे ऑल्नी कुटुंबातल्या युनिटी नावाच्या बाईंचे स्मारक. पुढे रविवार शाळेच्या मुलांच्या नावाने एक घर झाले, पाळकांच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या नावाने एक, आणि देशभरच्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी गोळा केलेल्या निधीतूनही घरे झाली.

या रचनेचा व्यावहारिक फायदा मोठा होता. पाचशे-सहाशे पौंडांचे एक घर हे एका कुटुंबाच्या, एका कारखान्याच्या किंवा एका मंडळीच्या आवाक्यात येते. तेवढे पैसे जमले की तेवढेच घर बांधायचे, म्हणजे अर्धवट इमारत कर्जात अडकून पडत नाही. आणि बाईंचे मुद्दल कायमनिधी म्हणून मागे उभे राहते. एकाच धनादेशाने आश्रम झाला असे म्हणणे म्हणजे त्या गवंड्यांनी आणि सुतारांनी सोडलेली मजुरी पुसून टाकणे आहे. ते आम्हाला मान्य नाही.

“कधी कोणाकडे मागितले नाही”

ही ख्याती म्युलर यांची. स्पर्जन यांच्या अंगावर ती चुकून चढवली जाते. म्युलर गरज जाहीर करत नसत, झालेल्या खर्चाचा अहवाल मागाहून छापत. स्पर्जन यांना म्युलरविषयी नितांत आदर होता, पण पद्धत वेगळी होती. त्यांच्या मासिकात आश्रमाला आलेल्या देणग्यांच्या याद्या नियमित छापल्या जात. त्यात पौंड-शिलिंगच नव्हे, तर बटाट्यांची पोती, पीठ, शिवलेले कपडे यांचीही नोंद असे. वर्गणी गोळा करण्याची पुस्तके वाटली जात. १९ जून हा स्पर्जन यांचा वाढदिवस. त्याच्या आसपास आश्रमात वार्षिक मेळावा भरे आणि देणग्या तिथे जमा होत. मुलांचे गायकवृंद आणि हँडबेल वाजवणारे पथक गावोगाव कार्यक्रम करून आश्रमासाठी पैसा आणत. हे मागणेच आहे, आणि ते उघड, हिशेब दाखवून केलेले मागणे आहे. त्यात कमीपणा कसला?

“रस्त्यावरची, आईबापांविना मुले”

मराठीत ‘अनाथ’ म्हटले की आई-वडील दोन्ही नसलेले मूल डोळ्यांसमोर येते. स्टॉकवेलची अट वेगळी होती: वडील गेलेला मुलगा, वय साधारण ६ ते १०. आई बहुतेक वेळा हयात असे आणि अर्ज तीच करी. व्हिक्टोरियन लंडनमध्ये नवरा गेलेल्या कामगार स्त्रीपुढे शिवणकाम, धुणीभांडी किंवा वर्कहाउस (निराधारांना काम करवून ठेवणारे सार्वजनिक गृह) एवढेच पर्याय असत. चार-पाच मुलांतला एक मुलगा आश्रमात गेला तर उरलेले घर तगे. दोन्ही पालक गमावलेली मुले ही म्युलर यांच्या आश्रमाची अट होती, आणि रस्त्यावरची मुले हे लंडनमध्ये थॉमस बर्नार्डो यांचे क्षेत्र. तीन वेगळ्या संस्था, तीन वेगळ्या गरजा. त्यांची सरमिसळ केली की एकीचेही काम नीट दिसत नाही.

स्टॉकवेलचे खरे वेगळेपण निवडीत होते, आणि नेमके तेच फिरत्या कथेत नसते. त्या काळच्या अनेक नामांकित अनाथाश्रमांत, उदाहरणार्थ लंडन ऑर्फन असायलममध्ये, प्रवेश मतदानाने मिळे. वर्गणीदाराला वर्गणीच्या प्रमाणात मते. ठरावीक काळाने निवडणूक, जागा मोजक्या, उमेदवार भरपूर. विधवेने मुलाची माहिती देणारी कार्डे छापायची, टपालखर्च करायचा, अनोळखी वर्गणीदारांच्या दारी जाऊन मते मागायची. हरली तर पुढच्या निवडणुकीला पुन्हा तेच. तोवर मुलगा वयोमर्यादा ओलांडून जाई. जिच्या ओळखी जास्त तिचा मुलगा आत, आणि सगळ्यात गरीब बाईकडे ओळखीच नसत. स्टॉकवेलने ही पद्धत ठेवली नाही. तिथे अर्ज विश्वस्तांपुढे जात आणि ज्याची गरज जास्त त्याला आधी जागा मिळे. मते नाहीत, प्रचार नाही. विधवेची ती वणवण या एका नियमाने थांबली, आणि आमच्या मते आश्रमाच्या सुरुवातीच्या इतिहासातली ही सर्वात मोठी गोष्ट आहे.

“मुलांना बाप्टिस्ट केले जाई”

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. आश्रमात रोजची उपासना होती, बायबलचे शिक्षण होते, मुले ख्रिस्ती श्रद्धेत वाढावीत हा हेतू उघड होता. तो लपवण्याचे कारण नाही. पण प्रवेशाला पंथाची अट नव्हती. पुढच्या वर्षांत छापलेल्या पंथवार आकड्यांत चर्च ऑफ इंग्लंडच्या घरांतली मुले बाप्टिस्ट घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. १८६९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून आलेले व्हर्नन चार्ल्सवर्थ हे त्याआधी सरे चॅपलमध्ये न्यूमन हॉल यांचे सहकारी होते, आणि ते चॅपल बाप्टिस्ट नव्हते. शिवाय बाप्टिस्ट शिकवणीनुसार बाप्तिस्मा मिळतो तो स्वतःच्या श्रद्धेच्या कबुलीवर. संस्थेने सांभाळले म्हणून सरसकट कोणाला तो देता येत नाही. बाप्टिस्ट आईबापांच्या पोटी जन्मलेले मूलसुद्धा आपोआप बाप्टिस्ट होत नाही.

“घरांची पद्धत जगात पहिली”

नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिख विखर्न यांनी १८३३ मध्ये ‘राउहेस हाउस’ सुरू केले, तिथे मुले कुटुंबवजा लहान गटांत राहत. स्टॉकवेलने हा विचार लंडनच्या जागेत बसवला. सुटे बंगले नव्हेत, एका रांगेत लागून असलेली घरे, प्रत्येक घराला एक मेट्रन. शाळा आणि मुलग्यांचे जेवणघर सामाईक. म्हणजे पूर्ण कुटुंबपद्धतही नव्हे आणि एका छताखालची बराकही नव्हे. म्युलर यांच्या ब्रिस्टलमधल्या ॲशली डाउन येथील पाच प्रचंड इमारतींत १८७० पर्यंत २,०५० मुलांची सोय झाली होती. त्या शेजारी स्टॉकवेल लहानच दिसते. गणवेश न ठेवण्याचा निर्णय मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. मूल धर्मादायावर वाढते आहे हे त्याच्या अंगावरच्या कपड्यांवरून रस्त्यात कोणाला कळू नये, हा त्यामागचा विचार.

“मुले-मुली दोन्ही”

सुरुवातीची बारा वर्षे फक्त मुलगे. हिलयार्ड बाईंचे दानच वडील गेलेल्या मुलग्यांसाठी होते. मुलींसाठी शेजारची ‘द हॉथॉर्न्स’ ही जागा १८७९ मध्ये घेतली आणि तिथल्या इमारतींच्या कोनशिला जून १८८० मध्ये बसल्या. दोन्ही बाजू मिळून पाचशे मुलांची सोय झाली ती त्यानंतर. हिलयार्ड बाई जानेवारी १८८० मध्येच वारल्या होत्या. मुलींच्या घरांचा पाया पडला तेव्हा त्या नव्हत्या, आणि ती घरेही पुन्हा नव्या देणगीदारांकडून एकेक करून उभी करावी लागली.