फ्लॅशमध्ये लिहिणं आणि चिपमध्ये लोड करणं वेगळं

एफपीजीए (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं ठरवता येतं अशी चिप) प्रोग्रॅम करण्यावरचा तुमचा लेख छान आहे पण त्यातलं "जेटॅगवरून फाइल पाठवली की चिप प्रोग्रॅम झाली" (जेटॅग म्हणजे कॉम्प्युटरवरून चिपमध्ये डिझाइन पाठवायचं कनेक्शन) हे वाक्य नवीन मुलांना नक्की गोंधळात टाकणार. एसरॅमवाल्या (वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणाऱ्या मेमरीच्या) एफपीजीएमध्ये पाठवलेलं डिझाइन वीज गेली की पुसलं जातं, कायम ठेवायचं तर ते फ्लॅशमध्येच (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहावं लागतं. क्वार्टसमध्ये (अल्टेराच्या चिपसाठीचं डिझाइन सॉफ्टवेअर) डॉट एसओएफ फाइल थेट एसरॅममध्ये जाते, मॅक्स १० या अल्टेराच्या एफपीजीएच्या आतल्या फ्लॅशसाठी डॉट पीओएफ लागते, आणि बोर्ड बंद करून चालू केल्यावर डिझाइन गायब झालं की पहिल्यांदा हेच बघायचं, उगाच कोड उकरत बसू नका.

दुसरं म्हणजे इरेज. फ्लॅशमध्ये लिहिताना बिट फक्त १ चा ० होतो, परत १ करायचा तर अख्खा सेक्टर (फ्लॅशचा ठरावीक मोठा तुकडा) पुसावा लागतो, म्हणून इरेज (पुसणं), प्रोग्रॅम (लिहिणं), व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) हाच क्रम, आणि वेळ वाचवायला लोक व्हेरिफायची टिक काढतात ते मला अजिबात पटत नाही. मध्येच सप्लाय गेला तर अर्धवट इमेज (फ्लॅशमध्ये लिहिलेलं डिझाइन) राहते. फील्डमध्ये (वापरात असलेल्या बोर्डवर) अपडेट करणार असाल तर मॅक्स १० मध्ये दोन इमेज ठेवता येतात तेवढं कराच, एक बिघडली तर दुसरीवरून चिप उठते (सगळ्या व्हेरियंटमध्ये ही सोय नाही, डेटाशीट बघून घ्या).

मॅक्स टू सीपीएलडीत (एफपीजीएसारखीच पण छोटी प्रोग्रॅम करता येणारी चिप) तर जुनं डिझाइन चालू ठेवून मागे नवीन फ्लॅश करता येतं, यावर पुढचा लेख लिहा ना प्लीज.