आग विझवायला शिकवण्याआधी मीटर रूम उघडा

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि ती आग विझवायला गेलेले कितीतरी जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ हा आठवडा पाळतात. त्या दिवसांत सोसायटीच्या आवारात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. लोखंडी ट्रेमध्ये डिझेल पेटवायचं, दोन-चार जणांनी लाल सिलिंडर घेऊन ते विझवायचं, मग टाळ्या, ग्रुप फोटो, चहा-समोसे. प्रात्यक्षिकाला माझा विरोध नाही. पण तेवढ्यालाच अग्निसुरक्षेचा कार्यक्रम मानलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो. घरातली आग मोकळ्या हवेत, सकाळी अकरा वाजता, सगळे बूट घालून तयार असताना लागत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच सांगतात: आगीत जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं राहत्या घरांत जातात. म्हणून प्रभागात, सोसायट्यांच्या फेडरेशनमध्ये किंवा एखाद्या मंडळात ज्यांच्या अंगावर हे काम आहे, त्यांनी सुरुवात घरापासून करावी. विझवण्याचं प्रात्यक्षिक अगदी शेवटी ठेवावं.

त्याही आधी एक वही घाला. जवळच्या अग्निशमन केंद्रात रीतसर अर्ज द्या आणि आपल्या भागातल्या मागच्या ३ वर्षांच्या वर्द्या, म्हणजे आगीच्या आलेल्या कॉलच्या नोंदी, मागा. जागा, वेळ, काय पेटलं, कशामुळे पेटलं, कोण अडकलं, एवढे पाच रकाने पुरे. पण वर्दी गेलीच नाही अशा आगी जास्त असतात आणि त्या केंद्राच्या नोंदीत सापडत नाहीत. त्यासाठी वॉचमन, भागातला इलेक्ट्रिशियन आणि सिलिंडर पोहोचवणारा यांच्याशी बोला. कोणत्या बिल्डिंगच्या मीटर रूममधून दर उन्हाळ्यात जळका वास येतो, हे सेक्रेटरीच्या आधी वॉचमनला ठाऊक असतं. वही भरत गेली की तुमच्या भागाचा खरा आजार दिसतो. जुन्या चाळींचा भाग असेल तर वायरिंग, टॉवरचा भाग असेल तर डक्ट, खाली गाळे असतील तर गोदामासारखा भरलेला पोटमाळा. सगळीकडे एकच पत्रक वाटून काही होत नाही.

मग घरभेटी. दोघांनी जायचं, त्यातली एक बाई असावी. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दारातच सांगायचं की फोटो काढणार नाही, नोटीस निघणार नाही. कमिटीचा माणूस तपासायला आलाय असं वाटलं की लोक स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात. इंग्लंडमधल्या मर्सीसाइडच्या अग्निशमन सेवेने अशाच घरभेटींवर भर दिला, घरात जाऊन धुराचे अलार्म बसवून दिले. आपल्याकडे अलार्म बसवायला पैसे नसले तरी नुसत्या बघण्यानेही पुष्कळ साधतं.

स्वयंपाकघरात प्रथम शेगडीची रबरी नळी बघा. तिच्यावर छापलेलं वर्ष वाचा, ५ वर्षं झाली असतील तर बदला. तडा दिसत नाही म्हणून ती चांगली असं समजू नका, आतली तार उघडी पडेपर्यंत वरून काही कळत नाही. लांबी दीड मीटरच्या आत हवी आणि ती शेगडीच्या मागून, गरम कढईला टेकून नेलेली नसावी. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे वर्षाची अखेरची तिमाही. ती चाचणीची मुदत आहे. मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका. घेताना व्हॉल्व्हच्या आतली रबरी रिंग जागेवर आहे का तेही पोहोचवणाऱ्याकडून तपासून घ्या. रेग्युलेटर लावल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी ओढून कधीच नाही.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला की जमिनीलगत पसरतो. वास आला की लोक सवयीने एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबतात आणि त्या ठिणगीनेच भडका उडतो. कोणतंच बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद करा, दारंखिडक्या उघडा, माणसांना बाहेर काढा, फोन बाहेर येऊन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून वर मोठं झाकण सरकवा आणि गार होईपर्यंत उचलू नका. त्यात पाणी ओतलं की ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. ही एक गोष्ट प्रत्येक घरात पाठ व्हायला हवी. पत्रकावर एकच ओळ छापायची वेळ आली तर मी हीच छापेन.

विजेच्या बाबतीत तर आपण डोळे मिटून राहतो. २००० वॅटची इंडक्शन किंवा गीझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो, आणि तो लावलेला असतो ६ अँपिअरच्या प्लगवर, तोही एक्स्टेन्शन बोर्डातून. त्याहून वाईट म्हणजे एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवणं. वायर तीच, दीड चौरस मिलिमीटरची. आता एमसीबी पडत नाही, पण भिंतीतली वायर तापत राहते. एमसीबी पडतो तेव्हा तो आपलं काम करत असतो, हे इलेक्ट्रिशियनलाही ठणकावून सांगावं लागतं. आरसीसीबी या करंटगळतीच्या स्विचवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला नाही तर निकामी आहे. आणि तो गळत्या करंटपासून वाचवतो, जास्तीच्या लोडपासून नाही, म्हणून एमसीबीची जागा घेऊ शकत नाही.

मीटर रूम उघडा म्हणजे खरोखर उघडा. आत जुन्या सायकली, रद्दी, मागच्या गणपतीचं थर्माकोल सापडेल. ते त्याच दिवशी बाहेर काढा. टर्मिनलजवळ प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर तिथे जोडणी सैल आहे. सैल जोडणी तापते, तापली की आणखी सैल होते, आणि लोड पूर्ण असल्याशिवाय ते ध्यानात येत नाही. म्हणून तपासणी मे महिन्यात, रात्री नऊ-दहाला, सगळ्यांचे एसी चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने करून घ्या. हात लावायचं काम परवानाधारक माणसाचं, समितीचं नाही.

यानंतर डक्ट. उंच इमारतींत मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. विजेच्या केबल वर जातात ती उभी पोकळी प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आगरोधक मालाने बंद केलेली असायला हवी. बिल्डर बहुतेक वेळा ती करून देतो. मग इंटरनेटवाला येतो, भोक पाडतो, केबल टाकतो आणि तसाच निघून जातो. चार वर्षांत ती पोकळी चिमणी होते. दुसऱ्या मजल्यावर पेटलं तर सोळाव्या मजल्यावरचे लोक धुरात सापडतात, आणि बहुतेक बळी ज्वाळा घेत नाहीत, धूर घेतो. उपाय स्वस्त आहे: केबलवाल्याकडून अनामत ठेवून घ्या, भोक बुजवल्याशिवाय परत देऊ नका. जिन्याची आगरोधक दारंही तशीच. ती आपोआप मिटली पाहिजेत, पण कुंडी किंवा वीट लावून उघडी ठेवलेली असतात. जिन्यात चपलांचे स्टँड नकोत, आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचं चार्जिंग तर अजिबात नको. ती पेटली की खाली उतरायची वाटच बंद होते.

पंप रूममध्ये गेलात की आधी आगीच्या पंपांच्या पॅनेलचा स्विच बघा. तो 'ऑटो'वर असायला हवा. कित्येक ठिकाणी 'ऑफ'वर सापडतो. कारण साधं असतं: पाइपात कुठेतरी गळती, त्यामुळे जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप, दर थोड्या वेळाने चालू होतो, त्याच्या आवाजाची तक्रार येते, कोणीतरी स्विच फिरवतो आणि तो तसाच राहतो. गळती दुरुस्त करा. महिन्यातून एकदा लाइनमधलं पाणी सोडून दाब उतरवा. आधी जॉकी, मग मुख्य पंप, आणि मुख्य पंपाची वीज काढली की डिझेल पंप, असे आपोआप चालू झाले पाहिजेत. डिझेल पंप बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीमुळे बसतो. सगळ्यात वरच्या आणि लांबच्या हायड्रंटवर, म्हणजे आगीच्या पाण्याच्या नळावर, चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब मिळतोय का ते गेज लावून बघा. पेट्यांमधले नोझल मोजा, पितळ चोरीला जातं. रहिवाशांना जाड होज नव्हे, होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली बारीक नळी, वापरायला शिकवा. ती एकट्या माणसाला झेपते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यानुसार ही यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची, म्हणजे आपली. परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, दर जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी एजन्सी निवडताना एवढंच विचारतात की प्रमाणपत्र किती रुपयांत देता. पंपाला हात न लावता सही मिळते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या ऑडिटची घाई झाली. ऑडिट मृत्यूनंतर का सुचावं? एजन्सी येईल त्या दिवशी समितीतले दोघं तिच्याबरोबर प्रत्येक मजल्यावर फिरा, तुमच्यासमोर पंप चालला नाही तर बिल अडवा.

सराव संध्याकाळी सात-साडेसातला घ्या, लोक घरी असतात तेव्हा. बेल वाजल्यापासून शेवटचा माणूस खाली येईपर्यंतची वेळ मोजा. अंथरुणाला खिळलेले, चालता न येणारे, दिवसभर एकटे असणारे यांची मजलावार यादी वॉचमनच्या केबिनमध्ये हवी, आणि प्रत्येकासाठी शेजारचे दोन जण नेमलेले हवेत. वॉचमनला तीन गोष्टी पक्क्या शिकवा. अलार्म वाजला की आधी बटण दाबून आवाज बंद करायचा नाही. सेक्रेटरीला फोन करत बसायचं नाही, आधी १०१ किंवा ११२ लावायचा आणि पत्ता, खूण, मजला, अडकलेली माणसं सांगायची. मग फाटक पूर्ण उघडून आतल्या रस्त्यावरच्या गाड्या हलवायला लावायच्या. एजन्सी आणि रात्रपाळीचा वॉचमन बदलतो तसतसं हे पुन्हा शिकवावं लागतं, म्हणून वहीत त्याच्या नावापुढे तारीख टाका.

आणि हे सगळं एकाच उत्साही माणसावर सोडू नका, तो बदली होऊन गेला की काम थांबतं. वार्षिक सर्वसाधारण सभेत अग्निसुरक्षेचा वेगळा विषय आणि वेगळी तरतूद ठेवा, दोन माणसांची नावं ठरावात लिहा, आणि जुलैचा फॉर्म बी भरण्याआधी ती वही सभासदांसमोर उघडून वाचा.