डायलिसिसवर वाजणारी थंडी म्हणजे ‘विष बाहेर पडणे’ नव्हे

पंचगंगा पात्राबाहेर पडली की कोल्हापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो: पुराचे गढूळ पाणी डायलिसिसच्या मशीनमधून थेट रक्तात जाते, म्हणून पूर ओसरेपर्यंत डायलिसिस टाळा, जाणे भागच असेल तर उकळलेले पाणी वापरायला सांगा, आणि मशीनवर थंडी वाजली तर घाबरू नका, ती शरीरातले विष बाहेर पडत असल्याची खूण आहे. हा मजकूर वाचून माझ्या आत्याने ठरलेले डायलिसिस चुकवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

थंडीविषयीचा दावा सर्वांत घातक आहे. युरिया आणि क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये रक्तातून निघून जाताना कोणालाही हुडहुडी भरत नाही. पाण्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे, म्हणजेच एंडोटॉक्सिन, डायलायझरच्या (एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने पाण्याचे द्रावण वाहणाऱ्या मशीनवरच्या गाळणीच्या) पडद्यातून रक्ताकडे गेले, तर बहुधा पहिल्या तास-दोन तासांतच दात वाजू लागतात, ताप चढतो आणि रक्तदाब घसरू शकतो. कॅथेटरमधला (डायलिसिससाठी रक्तवाहिनीत बसवलेल्या नळीतला) जंतुसंसर्गही नेमका असाच सुरू होतो. अशा वेळी ब्लँकेट पांघरून निमूट पडून न राहता सिस्टरना तत्काळ सांगावे, म्हणजे रक्ताचा कल्चर (रक्तात जंतू आहेत का हे पाहणारी चाचणी) आणि पाण्याचा नमुना दोन्ही वेळेत घेता येतील.

पाणी ‘थेट रक्तात’ जाते हेही खोटे आहे. ते कार्बन फिल्टर, पाण्याचा जडपणा घालवणारा सॉफ्टनर आणि आरओ या शुद्धीकरण यंत्रातून येते, आणि अखंड जिवाणू डायलायझरच्या पडद्यातून पार होऊ शकत नाहीत. तरीही भीतीला काही आधार आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते: आरओनंतरच्या टाकीत, पाणी साचून राहणाऱ्या पाइपच्या तुकड्यात आणि आदल्या दिवशीच्या उरलेल्या बायकार्बोनेटच्या (डायलिसिसच्या द्रावणात मिसळायच्या क्षाराच्या) कॅनमध्ये जिवाणू वाढतात, आणि त्यासाठी पूर यावा लागत नाही.

उकळण्याचा सल्ला निरुपयोगी आहे. एका वेळेस साधारण १२० लिटर पाणी लागते, आणि उकळून जिवाणू मेले तरी एंडोटॉक्सिन शिल्लक राहते. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ साली पाण्यातल्या सायनोबॅक्टेरियाच्या (निळ्या-हिरव्या शेवाळासारख्या जिवाणूंच्या) विषाने ५० हून अधिक डायलिसिस रुग्ण दगावले. तेही विष उकळून नष्ट होत नाही.

डायलिसिस चुकवल्यास पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात आणि फुप्फुसांत पाणी साचते. रस्ता बंद असेल तर केंद्राला फोन करून दुसरीकडे सोय लावून घ्यावी.

ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी केंद्राकडे पाण्याचा ताजा अहवाल मागावा. आयएसओ २३५०० या मानकानुसार डायलिसिसच्या पाण्यात प्रति मिलिलिटर १०० पेक्षा कमी जिवाणू-वसाहती आणि ०.२५ एंडोटॉक्सिन एककांपेक्षा (EU) कमी एंडोटॉक्सिन असावे लागते, आणि आकडे याच्या निम्म्यावर पोहोचले की उपाययोजना सुरू व्हावी लागते. अहवालात दोन्ही आकडे आहेत का आणि नमुना केवळ आरओच्या तोंडाशी न घेता मशीनला जोडणाऱ्या पाइपच्या टोकापाशीही घेतला होता का, हे अवश्य विचारावे.